सनदांवरून सरदाराची चढण कशी मोजायची: पंधराव्या शतकातल्या इंग्लंडसाठी कामाची पद्धत

विल्यम हेस्टिंग्ज १४५५ साली वॉरिकशर आणि लेस्टरशर या जोड परगण्यांचा शेरीफ, म्हणजे राजाचा स्थानिक अधिकारी होता. १४६१मध्ये यॉर्क घराण्याच्या चौथ्या एडवर्डने लँकेस्टर घराण्याच्या सहाव्या हेन्रीकडून गादी घेतली, आणि त्या वर्षीचा उन्हाळा संपेपर्यंत हेस्टिंग्ज लॉर्ड, राजाचा चेंबरलेन (राहत्या दालनांचा प्रमुख) आणि टांकसाळीचा प्रमुख झाला होता. एवढं कुठल्याही चरित्रात सापडतं. पण या चढणीची प्रत्येक पायरी किती पक्की होती, त्यातून हातात काय पडलं आणि कुठली पायरी नुसती कागदावरच राहिली, हे बघायचं तर मूळ दप्तराकडे जावं लागतं. दप्तर लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. त्यातल्या मुख्य मालिकांचे छापील इंग्रजी सारांश, म्हणजे 'कॅलेंडर', घरबसल्या वाचता येतात. वाचणं फार अवघड नाही. चुका होतात त्या नोंदी एकमेकींना जोडताना.

हेस्टिंग्जचंच उदाहरण घेतलं आहे, कारण त्याच्याबाबत सरकारी दप्तर आणि घराण्याचं दप्तर दोन्ही टिकलं. घराण्याचे कागद आज कॅलिफोर्नियात, हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत. पद्धत मात्र त्या काळातल्या कुठल्याही दरबाऱ्याला लागू पडते.

एक तक्ता करा. दर नोंदीला एक ओळ, आणि रकाने असे: तारीख, नोंदीत त्या माणसाचा उल्लेख जसा आहे तसा, काय दिलं, कुठल्या शिक्क्याने दिलं, मुदत, ते आधी कोणाकडे होतं, वार्षिक रक्कम, रक्कम मिळाल्याचा पुरावा. किताबांसाठी वेगळा रकाना लागत नाही, ते दुसऱ्या रकान्यात आपोआप दिसतात: आधी 'एस्क्वायर', मग 'नाइट', मग 'लॉर्ड हेस्टिंग्ज'. हा बदल नेमका कुठल्या दोन नोंदींच्या मध्ये झाला ते बघितलं की तारखा पडताळायला सोपं जातं.

तारीख आधी, बाकी नंतर

कागदांवर इसवी सन क्वचित असतं. असतं ते राज्यवर्ष. चौथ्या एडवर्डचं पहिलं वर्ष ४ मार्च १४६१ ते ३ मार्च १४६२. सहाव्या हेन्रीची वर्षं १ सप्टेंबरला बदलतात. त्यातच इंग्लंडचं कारभारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे ॲशबी-द-ला-झूशची जहागीर हेस्टिंग्जला मिळाली तो फेब्रुवारी त्या काळच्या हिशेबाने १४६१चा आणि आपल्या हिशेबाने १४६२चा. जुन्या स्थानिक इतिहासांत हे वर्ष सरकलेलं दिसतं, आणि एक वर्ष सरकलं की दान एखाद्या लढाईच्या आधीचं की नंतरचं हेच उलटं होऊन बसतं. तक्त्यात दोन्ही लिहा: मूळ राज्यवर्ष आणि आपण काढलेलं सन.

ऑक्टोबर १४७० ते एप्रिल १४७१ हा काळ स्वतंत्रपणे हाताळा. हेन्री पुन्हा गादीवर बसला होता आणि त्याचे कारकून 'एकोणपन्नासावं वर्ष, आणि राज्य परत हाती आल्याचं पहिलं' असं लिहीत होते. एडवर्डने परतल्यावर आपली वर्षं न तुटता पुढे मोजली. एकाच दिवसाला दोन वर्षं लागतात, ती अशी.

आणखी एक खोच. १४३९च्या पार्लमेंटने ठरवलं की हुकूम चॅन्सरीत, म्हणजे सनदा काढणाऱ्या कचेरीत, पोहोचला तो दिवस सनदेवर घालायचा. म्हणजे सनदेची तारीख हा राजाने हो म्हटल्याचा दिवस नव्हे. अर्ज, त्यावर राजाची सही, सिग्नेट (राजाचा खाजगी शिक्का), प्रिव्ही सील (मधला शिक्का) आणि शेवटी ग्रेट सील (राज्याचा मोठा शिक्का), असा तो प्रवास. मधल्या पायऱ्या कधी गाळल्या जात, कधी आठवडे लागत. मूळ हुकूम नॅशनल आर्काइव्ह्जच्या 'सी ८१' या मालिकेत सापडला तर निर्णय कधी झाला ते कळतं, आणि सहीचा अर्ज थेट चॅन्सरीला गेला असेल तर अर्जदाराची पोच कुठवर होती तेही. एडवर्डच्या सहीची 'आर ई' ही अक्षरं अर्जावर दिसली की तो कागद त्याच्या हातून गेला, एवढं नक्की.

पैशाचा हिशेब

पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स. पण दानांतल्या रकमा बहुधा 'मार्क'मध्ये असतात. मार्क हे नाणं कधी नव्हतंच, नुसतं हिशेबाचं माप: १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. १०० मार्क म्हणजे ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. तक्त्यात सगळं पेन्समध्ये बदलून ठेवा, बेरजा चुकत नाहीत.

'नोबल' हे सोन्याचं नाणं दिसलं तर वर्ष बघा. ऑगस्ट १४६४पर्यंत त्याची किंमत ६ शिलिंग ८ पेन्स होती. त्या महिन्यात टांकसाळीच्या नव्या करारनाम्याने ती ८ शिलिंग ४ पेन्स झाली. १० नोबल आधी ३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स, नंतर ४ पौंड ३ शिलिंग ४ पेन्स. पुढच्या वर्षी १० शिलिंगांचं 'रायल' आणि जुन्याच ६ शिलिंग ८ पेन्स किमतीचं 'एंजल' आलं, आणि गोंधळात भर पडली. गंमत अशी की १४६४चा तो करारनामा टांकसाळीचा प्रमुख म्हणून हेस्टिंग्जच्याच नावाने झालेला आहे. नाणी पाडण्याचं रोजचं काम अर्थात त्याचे हस्तक बघत.

कुठल्या गुंडाळीत काय मिळतं

सुरुवात पेटंट रोलने, म्हणजे राजाच्या खुल्या सनदांच्या नकला असलेल्या कातड्याच्या गुंडाळ्यांनी, 'सी ६६'ने. चौथ्या एडवर्डपासून तिसऱ्या रिचर्डपर्यंत तीन छापील खंड पुरतात: १४६१–६७, १४६७–७७ आणि १४७६–८५. नावाची सूची उघडून सगळे पृष्ठांक उतरवून घ्या, पण सूचीवर थांबू नका. नोंदीजवळचा अंक झिल्लीचा, म्हणजे कातड्याच्या तुकड्याचा असतो, आणि पुढे 'डी' अक्षर असेल तर नोंद पाठीमागच्या बाजूची. दानं समोर, आयोगांच्या नेमणुका बहुधा पाठीवर. परगण्यांतल्या न्यायाधीशांच्या याद्या खंडाच्या शेवटी परिशिष्टात वेगळ्या दिलेल्या असतात. चढत्या माणसाचं नाव नव्या परगण्याच्या यादीत कधी शिरलं हे तिथून कळतं, आणि जमीन मिळाल्याच्या तारखेशी ते ताडून बघण्यासारखं असतं.

शेरीफच्या नेमणुका फाइन रोलमध्ये, 'सी ६०'. नेमणूक एका वर्षाची, साधारण नोव्हेंबरात. याच गुंडाळ्यांत जप्त किंवा अज्ञान वारसांच्या जमिनींचे मक्ते असतात, आणि तिथे जामीन राहिलेल्या माणसांची नावं. ती नावं हमखास गाळली जातात. दरबारात नुकत्याच आलेल्या माणसाला कोण जामीन राहतं, आणि दहा वर्षांनी तो स्वतः कोणाला राहतो, यावरून त्याची मंडळी कोण ते दिसतं.

पार्लमेंटला बोलावल्याचे हुकूम क्लोज रोलवर, 'सी ५४'. त्याच्या पाठीमागे खाजगी खरेदीखतं आणि व्यवस्थापत्रं नोंदवलेली असतात. कॅले या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या इंग्रजी ठाण्याच्या नेमणुका 'सी ७६'वर, कारण समुद्रापलीकडचा कारभार त्या गुंडाळ्यांत चाले. हेस्टिंग्ज १४७१पासून कॅलेचा लेफ्टनंट होता. फक्त पेटंट रोल बघणाऱ्याच्या हातून त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं लष्करी पद निसटू शकतं.

आणि लँकेस्टरची डची. इथे जवळजवळ प्रत्येक नवखा अडखळतो. ती जहागीर राजाचीच होती, पण तिचा शिक्का वेगळा, चॅन्सेलर वेगळा, दप्तर वेगळं. तिथल्या नेमणुका 'डीएल ३७'मध्ये, हिशेब 'डीएल २९'मध्ये. पेटंट रोलवर त्यांचा मागमूस नसतो. लेस्टरचं कारभारीपण आणि तिथल्या किल्ल्याची किल्लेदारी ही हेस्टिंग्जच्या मध्य इंग्लंडमधल्या ताकदीची पहिली मेख, आणि १४७४मध्ये मिळालेलं टटबरीचं कारभारीपण ही दुसरी. दोन्ही डचीचीच. या नोंदी नसलेला तक्ता त्याला दरबारी मानकरी दाखवेल. असलेला तक्ता हजारो कुळांवर हुकूम चालवणारा माणूस दाखवेल.

सनदेच्या आत काय बघायचं

कॅलेंडरमध्ये सनदेचा सारांश असतो, मजकूर नसतो. महत्त्वाच्या पाच-सहा दानांची मूळ प्रत मागवा. तीत लॅटिनचं ठरलेलं साचेबंद वाक्य येईल: 'आम्हांस केलेल्या चांगल्या सेवेबद्दल', 'आमच्या स्वतःच्या इच्छेने'. हे वाचून राजाच्या मायेबद्दल परिच्छेद लिहू नका, कारण कारकून ते सगळ्यांसाठी लिहीत. साच्याबाहेरचं काही असेल, लढाईचं नाव किंवा परागंदा असतानाच्या सोबतीचा उल्लेख, तर ते मात्र शब्दशः उतरवा.

खरा अर्थ मुदतीच्या शब्दांत असतो. सगळ्यांत खालची पायरी 'राजाची मर्जी असेपर्यंत': सकाळी दिलं, संध्याकाळी काढलं. त्यावर 'वर्तणूक चांगली असेपर्यंत', मग 'हयातभर', मग 'देहापासूनच्या पुरुष वारसांना', आणि सर्वांत वर वारस व खरेदीदार दोघांनाही जाऊ शकणारं पूर्ण दान. एकच पद आधी मर्जीवर आणि तीन वर्षांनी हयातभर मिळालं असेल तर ती चढण आहे, जरी पदाचं नाव तेच राहिलं तरी. या शब्दांकडे लक्ष न देता पदांची नुसती संख्या मोजणाऱ्या याद्या बऱ्याच आहेत. त्यांचा उपयोग थोडा.

'स्वतः किंवा पुरेशा हस्तकामार्फत' हे शब्द असतील तर काम दुसरा करणार, वेतनातला मोठा भाग आणि हस्तक नेमण्याचा हक्क याचा. दरबारात गुंतलेल्या माणसाला अशीच पदं सोयीची. नेमलेला हस्तक कोण हे स्थानिक हिशेबांतून शोधा. तो बहुधा त्याच्या पदरचाच निघतो.

'आधी कोणाकडे होतं' हा रकाना रिकामा राहू देऊ नका. फेब्रुवारी १४६२च्या हेस्टिंग्जच्या दानात ॲशबी होतं विल्टशरच्या अर्लचं, बेल्व्हर होतं लॉर्ड रॉसचं, आणि बरीच जमीन व्हायकाउंट बोमाँटची. तिघेही लँकेस्टर पक्षाचे, तिघांच्याही जमिनी १४६१च्या पार्लमेंटने जप्त केलेल्या. अशा दानाचा पाया राजकीय असतो: जुना मालक किंवा त्याचा मुलगा माफी मिळवून परतला की जमीन हलते.

जवळीक कशी दिसते

चेंबरलेन हा राजाच्या राहत्या दालनांचा प्रमुख. राजापर्यंत कोण पोहोचणार आणि कोणाचा अर्ज केव्हा पुढे होणार, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात. त्याच्या पगाराच्या आकड्यावरून पदाचं मोल कळणार नाही. ते बाहेरच्यांनी त्याला काय दिलं यावरून काढा. मठ, शहरं आणि सरदारांच्या विधवा अशांच्या हिशेबांत त्याच्या नावाने लहानमोठी वर्षासनं आणि मानाची कारभारीपणं सापडतात. परदेशचे राजेही यात होते. १४७५च्या इंग्लंड-फ्रान्समधल्या पिकिन्यी तहानंतर फ्रान्सचा अकरावा लुई त्याला वर्षाला २,००० क्राउन देत असे, आणि बर्गंडीकडून १,००० त्याआधीपासूनच चालू होते. लुईच्या पैशाची पावती द्यायला त्याने नकार दिला, हवे तर माझ्या बाहीत टाका म्हणाला, ही हकिकत फिलिप द कॉमीन या समकालीन लेखकाने नोंदवली आहे. कॉमीन त्याला ओळखत होता, म्हणून ती सोडवत नाही. पण तक्त्यात तिला सनदेच्या बरोबरीने बसवू नका.

घरच्या नात्यांची नोंदही इथेच. १४६२च्या सुरुवातीपर्यंत हेस्टिंग्जने वॉरिकच्या अर्लची बहीण कॅथरीन नेव्हिल हिच्याशी लग्न केलं होतं. ती वेकफील्डच्या लढाईत पडलेल्या लॉर्ड हॅरिंग्टनची विधवा, आणि तिची मुलगी सेसिली मोठ्या मालमत्तेची वारस.

दिलेलं आणि मिळालेलं

सनदेत वर्षाला ५० पौंड लिहिले म्हणून ते मिळाले असं नसतं. एक्सचेकरकडून, म्हणजे सरकारी खजिन्याकडून, देणं असेल तर आधी 'ई ४०४'मधला देण्याचा हुकूम, मग 'ई ४०३' ही खर्चाची गुंडाळी बघा. ती वर्षातून दोनदा असते, ईस्टर आणि मायकेलमस (सप्टेंबरअखेरचा सण) या सत्रांची. रोख क्वचित, बहुतेकदा खाचा पाडलेली लाकडी पट्टी मिळे, आणि ती दाखवून कुठल्यातरी वसुली अधिकाऱ्याकडून पैसे काढायचे. त्याच्याकडे पैसे नसले की पट्टी परत. परत आलेली पट्टी 'ई ४०१' या जमेच्या गुंडाळीत त्या माणसाने राजाला दिलेलं कर्ज म्हणून नोंदली जाते. ही हिशेबाची कारागिरी आहे. तिला खरं कर्ज समजून 'सरदाराने राजाला पैसे उसने दिले' असं लिहिलेलं सापडतं. रक्कम आधीच्या न मिळालेल्या देण्याइतकीच असेल तर संशय घ्या.

वर्षासन एखाद्या जहागिरीच्या उत्पन्नावर बांधलेलं असेल तर 'एससी ६' किंवा 'डीएल २९'मधल्या कारभाऱ्यांच्या हिशेबांत बघा. तिथे दिलेली रक्कम वजावटीत दिसते, आणि दिसली की शंका उरत नाही.

चौथ्या एडवर्डने मात्र बराच पैसा एक्सचेकर टाळून आपल्या दालनातूनच फिरवायला सुरुवात केली, आणि त्या दालनाचे हिशेब जवळजवळ सगळे गेले. म्हणून १४६५नंतर एक्सचेकरच्या गुंडाळीत एखाद्या जवळच्या माणसाचं नाव विरळ झालं, तर मर्जी उतरली असा अर्थ लावू नका.

पदरची माणसं

हेस्टिंग्जने पदरी ठेवलेल्या माणसांशी केलेल्या करारांपैकी ६९ टिकले आहेत. बहुतेकांत रोख वेतनाचं नाव नाही. तो 'चांगला आणि कृपाळू धनी' राहील, आणि समोरचा हाकेला धावून येईल, एवढंच. करार वर्षवार आणि परगणावार लावा. बरेचसे १४७४नंतरचे, डर्बीशर आणि स्टॅफर्डशरच्या लोकांशी केलेले. कारण टटबरी. १४७३च्या कायद्याने ती जहागीर राजाचा भाऊ क्लॅरेन्सचा ड्यूक याच्याकडून गेली, कारभार हेस्टिंग्जकडे आला, आणि तिथले जमीनदार नव्या धन्याकडे वळले. नुसते करार वाचले तर वाटतं, माणूस स्वतःची फौज जमवतोय. डचीच्या नेमणुकीशेजारी ठेवून वाचले तर राजाचाच बंदोबस्त त्याच्या हातून होताना दिसतो.

जिथे हमखास चुकतं

एकाच पदाच्या दोन सनदा दिसल्या की दोन पदं धरू नका. एडवर्डच्या काळात दानं परत घेण्याचे कायदे १४६१, १४६५, १४६७ आणि १४७३मध्ये झाले. त्यानंतर तीच गोष्ट नव्या सनदेने पुन्हा दिली जाई, किंवा कायद्यातच अपवादाचं कलम मिळे. ही अपवादांची कलमं पार्लमेंटच्या गुंडाळ्यांत आहेत आणि मर्जी मोजायला त्यांच्याइतकं साधन दुसरं नाही: कोणाचं सगळं वाचलं, कोणाचं अर्धं, कोणाचं काहीच नाही.

सारखी नावं. पेंब्रोकचा अर्ल विल्यम हर्बर्ट जुलै १४६९मध्ये मारला गेला. त्यानंतर याच नावाचा, याच किताबाचा त्याचा मुलगा आहे, आणि १४७९मध्ये तो पेंब्रोक सोडून हंटिंग्डनचा अर्ल होतो. हेस्टिंग्जच्या बाबतीत राल्फ आणि रिचर्ड हे त्याचे भाऊही राजसेवेत आहेत. आडनावावर शोध घेतला की ते मध्ये येतात.

खरेदीखतात नाव आहे म्हणून जमीन त्याची असंही नव्हे. दुसऱ्याच्या जमिनीचा विश्वस्त म्हणून वजनदार माणसांची नावं घालण्याची रीत होती. दहा-बारा नावांच्या रांगेत तो असेल, आणि रांगेत बिशप आणि वकीलही असतील, तर ती विश्वस्तांची यादी समजा. तिचा उपयोग वेगळा आहे: लोक त्याचं नाव आपल्या कागदावर कधीपासून मागू लागले ते त्यावरून कळतं.

मृत्यूनंतरच्या चौकशीतले जमिनीचे आकडे सहसा कमी दाखवलेले असतात. ते कारभाऱ्यांच्या हिशेबांशी ताडल्याशिवाय उत्पन्न म्हणून वापरू नका.

तक्ता कुठे बंद करायचा

मृत्यूच्या तारखेला नाही. हेस्टिंग्जचं डोकं १३ जून १४८३ला लंडनच्या टॉवरमध्ये ग्लॉस्टरच्या रिचर्डच्या (पुढचा राजा तिसरा रिचर्ड) हुकमाने उडवलं गेलं, पण त्याच्या मालमत्तेवर जप्तीचा कायदा झाला नाही, आणि विधवेला त्याच रिचर्डकडून अभय मिळालं. तिसऱ्या रिचर्डच्या काळासाठी ब्रिटिश लायब्ररीतलं 'हार्लियन ४३३' हे सिग्नेट कचेरीचं टिपणबुक पालथं घाला. मोकळ्या झालेल्या जागा कोणाला गेल्या ते तिथे दिसतं.

मग शेवटचा रकाना भरा: पुढे काय झालं. चेंबरलेनपद, टांकसाळ, कॅले ही सगळी त्याच्याबरोबरच गेली. १४८५मध्ये रॉस घराण्याला त्याची मालमत्ता परत मिळाली आणि बेल्व्हर हेस्टिंग्जच्या वारसांच्या हातून सुटलं. ॲशबी घराण्यात राहिलं. किर्बी मक्सलो ही मुळातच वडिलोपार्जित जागा. तिथे १४८०मध्ये विटांचा किल्ला बांधायला घेतला होता, आणि त्याचे मजुरीचे हिशेब टिकले आहेत. जून १४८३मध्ये काम थांबतं, मग थोड्या माणसांवर पुन्हा सुरू होतं, आणि १४८४ सालात हिशेब संपतो. किल्ला अर्धवटच राहिला आहे.